नाव न घेता

दौंड,
सोमवार, ७ जुलै १९९७

चि. सुलक्षणा हिस,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझे पत्र शनिवारी मिळाले. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते आधी वेगळे करतो. धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाची ही सवय सुटत नाही, आणि पुतणी म्हणून तुझीही तिच्यातून सुटका नाही.

पहिला प्रश्न शिरूरच्या तरुण संघाचा. तू संघ हाती घेतलास तेव्हा सहा मुले येत आणि त्यांतली निम्मी प्रवचनात झोपत. आज तीसच्या आसपास येतात. सणसवाडीच्या कारखान्यांत कामाला असलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, परप्रांतांतून आलेलीसुद्धा. याचे श्रेय तू प्रवचन बंद करून सर्वांना सतरंजीवर गोल बसवण्याला देतेस. एकाने आपली अडचण मांडायची, बाकीच्यांनी केवळ प्रश्न विचारायचे, उपदेश कोणी करायचा नाही. ही पद्धत मला मान्य आहे. प्रश्न विचारायला शिकलेला तरुण चर्चच्या मंडळीत टिकतो. नुसते 'आमेन' म्हणायला शिकलेला लग्नानंतर दिसत नाही. विभागीय तरुण समितीचा अध्यक्ष या नात्याने हे मी तुला लेखी देत आहे.

परंतु मुलांनी केलेला तो एक नियम सदोष आहे. ज्याची गोष्ट त्यानेच तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची, दुसऱ्याने त्याच्या परवानगीवाचून करायची नाही, असे तू लिहितेस. दुसऱ्यासाठी देवाजवळ रदबदली करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. कर्तव्याला परवानगी लागत नाही. बुडणाऱ्याला हात देताना आपण त्याची संमती विचारत बसत नाही. हा नियम काढून टाक.

दुसरा प्रश्न मोनिकाचा. मुलगी बावीस वर्षांची, कारखान्यात पॅकिंगला; आमच्या मंडळीतल्या विश्वजीतशी साखरपुडा झालेला; लहानपणापासून फिट येण्याचा आजार, पण गोळ्या चालू असल्याने गेली तीन वर्षे एकदाही आलेली नाही. सोयरीक जुळवताना आईवडिलांनी ही गोष्ट लपवली, आणि आता मुलीला ती स्वतः विश्वजीतला सांगायची आहे. माझे मत असे: तिने सांगावे, लग्नाची सूचना चर्चमध्ये सर्वांपुढे वाचली जाण्यापूर्वी सांगावे, आणि स्वतःच सांगावे. तेच सत्य दुसऱ्याच्या तोंडून आले तर चहाडी होऊन येते.

ही गोष्ट माझ्याजवळच ठेवावी, असे तू दोनदा लिहिले आहेस. एकदाही लिहिण्याची आवश्यकता नव्हती. तिला मी प्रार्थनेत आठवीन.

तुझा,
आप्पा
(शांतवन रणपिसे)


शिरूर,
मंगळवार, १५ जुलै १९९७

ती. आप्पांस,

सलाम. तुमच्या पत्रातला स्तुतीचा परिच्छेद मुलांना वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. त्याच्या पुढचा वाचला नाही.

नियम मी काढणार नाही, कारण तो माझा नाही. गेल्या वर्षी एका मुलाने दुसऱ्याच्या वडिलांच्या दारूसाठी भर सभेत गळा काढून प्रार्थना केली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटले. ज्याचे वडील, तो मुलगा चप्पल घालून गेला तो पुन्हा आला नाही. त्यानंतरच्या रविवारी मुलांनीच हा नियम केला, आणि संघ वाढला तो त्यानंतर, सतरंजीने नव्हे. ही पोरे दिवसभर सुपरवायझरचे ऐकतात, घरी बापाचे ऐकतात. इथे आपली गोष्ट आपल्या हातात राहते, एवढ्यासाठी ती येतात.

मोनिकाचे ठरले आहे. २७ तारखेच्या रविवारी विश्वजीत इथे तिच्या मावशीकडे जेवायला यायचा आहे, तेव्हा ती सांगणार. परवा मुलांनी तिची तयारी करून घेतली. संपतने डोक्यावर ओढणी घेऊन सासूचे, सिंधूबाईंचे, सोंग घेतले.

"अगं बया, फिट म्हंजी? सैपाक करताना पडलीस तर भाकरी कोन भाजायची?"

"तुमचा ल्योक भाजंल की," मोनिका म्हणाली. "रेल्वेचं इंजिन हाकतोय, तवा हाकता येत न्हाई व्हय?"

संपत हसून हसून ओढणीसकट आडवा झाला. मग तो उठून बसला आणि त्याने खरा प्रश्न विचारला: "आन् विश्वजीतच न्हाई म्हटला तर?"

ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "न्हाई म्हटला तरी चालंल. पर मी सांगितल्यावर पहिल्यांदा त्याचं तोंड कसं होतंय, ते मला बघायचंय. घाबरतो, का रागावतो, का माझ्याकडं बघतो. तेवढ्यावर मी ठरवणार, ह्याच्याबरोबर जल्म काढायचा का न्हाई."

आप्पा, तुमच्या महाविद्यालयातल्या कुणी याहून चांगली कसोटी लावली असेल असे मला वाटत नाही.

तुमची,
सुलक्षणा


दौंड,
गुरुवार, २४ जुलै १९९७

चि. सुलक्षणा हिस,

सलाम. परवा सकाळी सिंधूबाई माझ्या ओट्यावर आल्या. बरोबर विश्वजीत होता. तो जमिनीकडे पाहत उभा राहिला. बाईंच्या हातात साखरपुड्यात मुलीकडून आलेले कापड होते.

"आप्पा, पोरगी फेफऱ्याची निघाली," त्या म्हणाल्या. "रविवारी माझ्या भावाला धाडून सोयरीक मोडली. तुमची पुतणी शिरूरला पोरं सांबाळती. तिला ठावं हाय, तिच्या समद्या पोरांना ठावं हाय, आन् आमालाच तेवढं न्हाई? ही कंची ख्रिस्ती रीत म्हनायची?"

हे सर्व मला माझ्या वयाच्या या टप्प्यावर, माझ्याच ओट्यावर, शेजाऱ्यांच्या देखत ऐकावे लागले. बाईंचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते.

आता विचार कर. जी गोष्ट एकीची होती ती तू तिसांची केलीस. तिसांची गोष्ट गुप्त राहील, असे मानणे हा भाबडेपणा नव्हे, हा निष्काळजीपणा आहे. तुझ्या सतरंजीची मी लेखी स्तुती केली होती. ती मागे घेतो. गोल बसवले म्हणून विश्वास निर्माण होत नाही, आणि विश्वास ठेवण्याची योग्यता नसलेल्यांना विश्वासात घेणे याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. एका मुलीचे लग्न मोडले आहे. ते तुझ्या पद्धतीने मोडले आहे.

अध्यक्ष म्हणून कळवतो की समितीची चौकशी पूर्ण होईपर्यंत शिरूरचा तरुण संघ भरवू नये. त्या दिवशी हजर असलेल्या मुलांची नावे मला पाठव.

आप्पा


शिरूर,
सोमवार, २८ जुलै १९९७

ती. आप्पांस,

संघ बंद होणार नाही, आणि नावे मिळणार नाहीत.

तुम्ही तुमच्या ओट्याबद्दल लिहिलेत, म्हणून मी कंपनीच्या बसबद्दल लिहिते. सिंधूबाईंचा भाऊ घरी आला तेव्हा मोनिका दुसऱ्या पाळीला गेली होती. आईवडिलांनी तिला रात्री काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली तर खिडकीजवळची बाई उठली आणि म्हणाली, "हिला मधी घ्या गं, दोघींच्या मधी. कुठं पडंल बिडंल. सोयरीकबी त्याच्यापायीच मोडली काल." तिचे लग्न मोडल्याचे तिला तिथे कळले, आप्पा. दोन बायांच्या मध्ये बसून. ती तशीच सणसवाडीपर्यंत गेली, आणि पाळी संपवून आली. ज्या २७ तारखेची ती वाट पाहत होती ती काल होऊन गेली. मावशीने केलेले जेवण कुणी जेवले नाही.

काल ती संघात आली. रडली नाही. मध्ये उभी राहून तिने विचारले, "कोन बोललं?"

मग एकेक जण संपतकडे पाहू लागला, कारण त्याची बहीण दौंडला दिली आहे. एकाने त्याची गचांडी धरली. संपत म्हणाला, "आईशपथ मी न्हाई. मी तिची सासू झालो हुतो रं, मी कशाला बोलीन?" आणि गेला. बाकीचे उरले ते भिंतींना पाठी लावून बसले. कुणाचीही पाठ कुणाकडे नको म्हणून. सतरंजी मधे रिकामी पसरलेली होती. दोन वर्षांत जे जमवले ते एका दुपारी असे झाले, आणि तुम्ही मला ते बंद करायला सांगता. बंद करण्याजोगे उरले आहे कुठे?

तुम्हीच शिकवले होते, की बातमीचा उगम शोधायचा तर पहिल्या तोंडाचा अंदाज बांधू नये. शेवटच्या कानापासून मागे मागे जावे. शेवटचा कान दौंडला आहे, तुमच्या गल्लीत. सिंधूबाईंना कुणी सांगितले, ते विचारा. तोपर्यंत माझ्या मुलांवर आरोप ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

सुलक्षणा


दौंड,
सोमवार, ४ ऑगस्ट १९९७

चि. सुलक्षणा हिस,

तुझ्या पत्रातला सूर मी दुर्लक्षितो आणि मुद्द्यांना उत्तर देतो.

सिंधूबाईंना मी विचारले. त्या नाव सांगत नाहीत. "मंडळीत समद्यांनाच ठावं झालंय, कुना एकाचं नाव काय घेऊ," असे म्हणतात. तेव्हा उलट बाजूने, वगळत वगळत जाणे भाग आहे.

ही गोष्ट कुणाला ठाऊक होती? आईवडिलांना, त्यांनीच ती लपवली, तेव्हा ते वगळले. पुण्याच्या डॉक्टरांना; त्यांचा दौंडशी संबंध नाही. तुला, तू तुझ्याच संघाचा घात करणार नाहीस, हे मी मानतो. मला, परंतु मी एकाही माणसाजवळ या विषयाचा उच्चार केलेला नाही, आणि माझा शब्द तुला पुरेसा असावा. राहिली तुझी मुले. त्यांत दौंडशी नाते असलेला एकच. निष्कर्ष मी काढत नाही, तो आपोआप निघतो. संपतला संघातून कमी कर. ते केल्यास संघ पुन्हा भरवण्याची परवानगी समितीकडून मिळवून देईन.

आणखी एक. आमची मंडळी निर्दय आहे, असा ध्वनी तुझ्या पत्रात आहे. तो अन्यायाचा आहे. ९ आणि १६ जुलै या दोन्ही बुधवारी, प्रार्थनासभेत विनंत्या मांडण्याची वेळ आली तेव्हा, मी स्वतः उभा राहून या मुलीसाठी प्रार्थना केली. नाव न घेता. 'शिरूरची आमची एक कन्या, जी लवकरच सून म्हणून या मंडळीत येत आहे, तिला बाळपणापासूनच्या व्याधीतून मुक्त कर, आणि ती व्याधी योग्य माणसाजवळ उघड करण्याचे धैर्य तिला दे,' एवढेच शब्द होते. आमच्या मंडळीतल्या शेवंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. सगळ्या बाकांवरून 'आमेन' आले. ज्या लोकांनी तिच्यासाठी अश्रू गाळले त्यांना तू बसमधल्या बायांच्या पंक्तीत बसवतेस, याचा तू शांतपणे विचार करावास.

आप्पा


शिरूर,
गुरुवार, ७ ऑगस्ट १९९७

आप्पा,

शांतपणे विचार केला. एकच प्रश्न विचारते. यंदा शिरूरहून तुमच्या मंडळीत किती सुना येणार आहेत?

एक. तुम्हाला ठाऊक होते. शेवंताबाईंना ठाऊक होते. साखरपुड्याचे पेढे त्या सगळ्या बाकांनी खाल्ले होते. तुम्ही नाव घेतले नाहीत; नावापर्यंत पोचायला लागणारे बाकी सगळे मात्र दिलेत. गाव दिलेत, लग्न दिलेत, आजार दिलात, आणि तिने तो अजून सांगितलेला नाही हेसुद्धा दिलेत.

वगळत वगळत जाताना तुम्ही स्वतःला वगळलेत, कारण तुम्ही 'एकाही माणसाजवळ' बोलला नाहीत. ते खरे आहे. तुम्ही देवाजवळ बोललात, भरल्या सभेत, उभे राहून, मोठ्याने. तुमचे डोळे मिटलेले होते म्हणून समोरची माणसे नाहीशी झाली नव्हती.

तुमचे पत्र मी मोनिकाला वाचून दाखवले. तिच्याविषयी लिहिलेले तिच्यापासून लपवायचे नाही, असे मी ठरवले आहे. ती म्हणाली, "बाई, देवाला माझं नाव ठावं हाय. आजारबी ठावं हाय, त्यानंच दिलाय. मग ह्यांनी उभं ऱ्हाऊन सांगितलं ते कुनाला?"

याचे उत्तर तुम्ही मला लिहू नका. मला ते येते.

बुडणाऱ्याला हात देताना संमती विचारत नाहीत, असे तुम्ही लिहिले होते. बुडत कोण होते, आप्पा? ती पोहत होती. काठ दिसत होता. तुम्ही तिला हात दिलात आणि खाली नेलेत.

संपतचे नाव पुन्हा तुमच्या पत्रात येऊ देऊ नका. त्याच्या दौंडच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने विचारले, की तुझ्या भावानेच बोंब केली का. संपत आता चर्चच्या रस्त्याने जात नाही. बाजाराला जायचे तरी वळसा घालून जातो. मुलांना मी खरे सांगितले तेव्हा ज्याने त्याची गचांडी धरली होती तो त्याच्या दारात जाऊन बसला. संपतने दार उघडले नाही.

सुलक्षणा


दौंड,
सोमवार, १ सप्टेंबर १९९७

चि. सुलक्षणा हिस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आरंभीचे काही दिवस तुझ्या युक्तिवादातली चूक शोधण्यात गेले. नावाशिवाय केलेले कथन हे कथन नव्हे, असे प्रतिपादन मी दोन पाने लिहिले. ते एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यापुढे ठेवले असते तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते. पाने फाडली.

मग शेवंताबाईंना विचारले. त्या बिचकल्यासुद्धा नाहीत.

"अवो आप्पा, तुमीच तर सांगितलं की परार्थनेत! मी मनलं, शिरूरची सून म्हंजी आपल्या सिंधूबाईचीच. तिला सांगावं, म्हंजी तीबी परार्थना करंल. आईनं केलेली लवकर पावती."

त्यांच्या मनात किल्मिष नव्हते. माझ्याही नव्हते. याने काय घडले त्यात कणभरही फरक पडत नाही, आणि याचाच मला संताप येतो. दुष्टपणा असता तर निदान तो वेगळा काढून दाखवता आला असता.

संघावरचा आदेश मागे घेतला आहे. संपतला स्वतंत्र पत्र लिहिले आहे. त्यात स्पष्टीकरण नाही, फक्त क्षमा मागितली आहे.

राहिली मोनिका. येत्या १० तारखेला, बुधवारच्या सभेत, मी उभा राहून सर्व मंडळीपुढे सांगणार आहे, की एका मुलीची गोष्ट तिच्या संमतीवाचून मी उघड केली, आणि मंडळीने तिची क्षमा मागावी. त्यानंतर सिंधूबाईंकडे जाऊन सोयरीक पुन्हा जुळवण्याचा आग्रह धरीन. हा निर्णय मी घेतला आहे. तुला माहितीसाठी कळवतो.

आप्पा


शिरूर,
गुरुवार, ४ सप्टेंबर १९९७

आप्पा,

उभे राहू नका.

हे पत्र दहा तारखेपूर्वी पोचावे म्हणून आत्ताच टाकायला जाते आहे. तुम्हाला अजूनही कसे दिसत नाही? त्या बुधवारी ज्यांचे लक्ष नव्हते त्यांनाही आता ऐकू जाईल. जे विसरले असतील त्यांना आठवेल. पुन्हा तुम्ही उभे, पुन्हा तिची गोष्ट, पुन्हा शेवंताबाईंचे डोळे पुसणे. तिला विचारलेत? 'निर्णय घेतला आहे' असे लिहिता. कुणाच्या गोष्टीविषयी?

सिंधूबाईंकडेही जाऊ नका. त्याची गरज उरलेली नाही. रविवारी विश्वजीत एकटाच एसटीने आला. सरळ संघाच्या दारात उभा राहिला. मोनिकाने मला बाहेर जाऊ दिले नाही. "बाई, तुमी बसा," म्हणाली. तुम्हाला हे कळवण्याची परवानगी तिने दिली आहे, म्हणून लिहिते.

तो म्हणाला, "आईचं काय मनावर घेऊ नगं. मी तयार हाय."

"तयार हाय म्हंजी? कडू औषिद गिळायला तयार असतंय मानूस, तसं?"

"तसं न्हाई. मी लई इचार केला."

"तेच तर," ती म्हणाली. "मी तुला सांगनार हुते, तवा तुझं तोंड बघनार हुते. इचार करायच्या आधीचं तोंड. आता तू महिनाभर तोंड धुऊन आलायस. चांगला हायेस तू, असशील. पर तवा काय झाला असतास, ते आता मला कवाच कळायचं न्हाई. तुलाबी न्हाई."

तिने त्याला चहा दिला. त्याने तो प्यायला आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून लवकर निघाला. तिने नाही म्हटले आहे आणि ते कायमचे आहे.

तर मोडले ते लग्न नव्हे, आप्पा. लग्न तर परत दारात चालत आले होते. जे तुम्ही घेतलेत ते परत आणता येणारे नाही.

तिला मी विचारले, आप्पांनी काय करावे असे तुला वाटते. ती म्हणाली, "आमचा नियम त्यांच्या सभेत लावा म्हणावं. ज्याची गोष्ट, त्याला इचारल्याबिगर बोलायची न्हाई. पर का लावायचा, ते सांगायचं न्हाई. माझी गोष्ट कारण म्हनून वापरायची न्हाई."

जमेल?

सुलक्षणा


दौंड,
सोमवार, १३ ऑक्टोबर १९९७

चि. सुलक्षणा हिस,

सलाम. दहा सप्टेंबरला मी उभा राहिलो नाही.

पंचमंडळाची बैठक गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी झाली. तीत मी ठराव मांडला: 'कोणाही व्यक्तीविषयीची प्रार्थना-विनंती, नाव घेऊन अथवा न घेता, त्या व्यक्तीच्या संमतीवाचून सभेत मांडू नये.' पाळकसाहेबांनी कारण विचारले. मी म्हणालो, कारण आहे, ते सांगता येत नाही. त्यांना वाटले, मी प्रस्तावना करतो आहे. ते वाट पाहत राहिले. मी खाली बसलो.

दगडोबा पंच म्हणाले, "आप्पा, जल्मभर दुसऱ्याची कारनं तपासली, आन् सवताच्या ठरावाला एकबी न्हाई व्हय?" सगळे हसले. कुणी म्हणाले, हे प्रार्थनेला कुलूप लावणे झाले. कुणी विचारले, आजारी माणसाने बेशुद्धीत संमती कशी द्यावी. याला सोपे उत्तर आहे; परंतु ते दिले की पुढचा प्रश्न, आणि त्याच्या पुढचा, आणि चौथ्या प्रश्नाला आपण शिरूरला पोचलो असतो. मी एकही उत्तर दिले नाही. ठरावाच्या बाजूने एक मत पडले. ते माझे.

गेल्या बुधवारी विनंत्यांच्या वेळी शेवंताबाई उठल्या. "आपल्या शांतवनआप्पांचा इश्वास थंडावलाय," त्या म्हणाल्या. "परार्थनेला नगं म्हंत्यात. वय झालं, एकटं राहत्यात, त्यांचं मन प्रभूनं पुना उबदार करावं." आणि त्यांनी माझे नाव घेऊन प्रार्थना केली. माझ्या एकटेपणाची, माझ्या वयाची, माझ्या हरलेल्या ठरावाची. मायेने केली. मी समोरच्या बाकावर होतो. मला कुणी विचारले नव्हते. मी डोळे उघडे ठेवले आणि आजूबाजूला पाहिले. इतरांचेही उघडेच होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते.

सर्वांनी 'आमेन' म्हटले. मी म्हटले नाही.

मोनिकाला सांग, की मी हरलो.

आप्पा


शिरूर,
रविवार, १९ ऑक्टोबर १९९७

ती. आप्पांस,

सलाम. आज संघात सतरा जण होते. संपत आला, दाराजवळ बसला, चप्पल हाताशी ठेवून. ज्याने गचांडी धरली होती तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. संपत उठून गेला नाही. गोल अजून पुरता होत नाही. भिंतीपासून मात्र मुले थोडी पुढे सरकली आहेत.

तुमचे पत्र मोनिकाला दाखवले. तिने ते स्वतः वाचले, सावकाश, शेवंताबाईंचा भाग दोनदा. मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. तिला तुमची दया आली असेल, असे मनात आणू नका. तसे काही झालेले नाही. तिने पत्र घडी करून माझ्या हातात दिले आणि जो निरोप सांगितला तो तिच्या परवानगीने जसाच्या तसा लिहिते.

"हरले व्हय? मग पुढल्या बैठकीत परत मांडा म्हणावं. त्याच्या पुढल्याबी. कारन इचारलं तर गप बसायचं. मी बसते रोज बसमधी, दोघींच्या मधी."

सुलक्षणा